कुसुमताईंच्या गावाची शीव

माझ्या मुलावर कुणीतरी करणी करतंय आणि ती करणारी बाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या कुसुमताई रेगे, असं मी एकदा ठामपणे ठरवलं होतं. नुसतं ठरवून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकघरात बसून, तिनंच केलेला चहा पीत पीत, ते तिला सांगून आले. आणि हे कुठे, तर अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये. तिथे करणी करायची म्हटली तर लिंबूसुद्धा गाडी काढून आणावं लागतं.

साल दोन हजार पाच. मी एकोणसाठची, म्हणजे आजच्या माझ्या वयावरून बघितलं तर पोरच. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला. अंधश्रद्धेवरच्या निबंधस्पर्धेची परीक्षक दर वर्षी मीच. नुकतीच निवृत्त झाले होते, आणि निवृत्त बाईंना लक्ष ठेवायला वर्ग उरला नाही की त्या जगावर लक्ष ठेवायला लागतात. मुलगा मिलिंद ऑफिसला, सून ऑफिसला, आणि मी दिवसभर खिडकीत. कचऱ्याची गाडी आमचाच डबा जोरात आपटते. शेजारचा गोरा म्हातारा रोज हात हलवतो, म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार. खारसुद्धा आमच्याच डेकवर थांबते आणि काचेतून आत बघते. असे माझे एकेक निष्कर्ष.

अशा माझ्या तावडीत कुसुमताई सापडल्या. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पहिली भेट गणपतीत झाली. एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींनी गणपती बसवला होता. मी कागदी प्लेटमध्ये वरणभात घेऊन जागा शोधत होते. कोपऱ्यात एक बाई बसल्या होत्या. फिकट सुती साडी, वर गुडघ्यापर्यंत येणारा मेणकापडाचा हिरवा कोट. दाराशी चपला-बुटांच्या ढिगात चिखलात घालायचे उंच रबरी बूट दिसले होते, ते कुणाचे हे मी लगेच ओळखलं. मी शेजारी बसले आणि आपण मराठी माणसं पहिल्यांदा विचारतो तेच विचारलं.

"गाव कोणतं तुमचं?"

"ऑल्डरविक."

"हे कोकणात आलं का?"

"इंग्लंडात. नदीच्या वळणावर. गुरुवारी बाजार असतो. तुम्ही मीठ घेतलं नाहीत."

हळूहळू समजलं ते असं. कुसुमताईंचे यजमान डॉक्टर. साठच्या दशकात विलायतेला गेले, आणि गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या एका आडगावात त्यांना दवाखाना मिळाला. दोघं तिथेच राहिली, तिथेच जुनी झाली. डॉक्टर गेल्यावर मुलगा अजय आईला अमेरिकेत घेऊन आला. त्याला आता दोन वर्षं झाली होती. अजय जन्मला तिकडेच, त्यामुळे प्रत्येक मराठी शब्द उजेडात धरून तपासल्यासारखा बोलायचा. कुसुमताईंचं मराठी मात्र त्यांनी देश सोडला त्या दिवशी होतं तिथेच थांबलेलं. आगबोट, दिवाबत्ती, नाटकगृह. मधूनच इंग्लिश आलं की ते मात्र खेडवळ गोऱ्या माणसाचं, तोंडात गरम बटाटा असल्यासारखं.

गावी त्या दर रविवारी प्रवाशांना गाव दाखवायच्या. हौसेनं, बरीच वर्षं. त्यामुळे त्यांना एक सवय लागली होती, उलटं चालायची. पाहुण्यांकडे तोंड करून बोलायचं आणि पाय मागे टाकत जायचं. डब्लिनच्या फुटपाथवरही आम्ही फिरायला निघालो की त्या माझ्यापुढे, माझ्याकडे तोंड करून, मागे मागे चालायच्या. कधी अडखळल्या नाहीत. मला आधी वाटलं, ही बाई माझ्यावर नजर ठेवते आहे.

"हे बघा, बाजाराची इमारत," त्या हवेत हात करून म्हणायच्या. समोर टपालपेट्यांची रांग असायची. "दगडी खांबांवर उभी आहे. खाली लोणी-अंडी, वर गावच्या पंचांची बैठक. खाली लाकडी खोडा अजून ठेवलेला आहे. कमी वजनाचा पाव विकला की पाय त्यात. दिवसभर. पोरं कुजकी फळं मारायची."

"आणि आता?"

"आता प्रवासी त्यात पाय घालून फोटो काढून घेतात."

गाव एके काळी मेंढ्यांवर श्रीमंत झालेलं. लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं चर्चचा मनोरा इतका उंच बांधायला घेतला की पैसे संपले आणि टोक राहूनच गेलं. तो मनोरा वरून सपाट. त्याच्यावर घड्याळ, आणि त्या घड्याळाला एकच काटा.

"दुसरा पडला असेल," मी म्हटलं.

"पडला नाही. बसवलाच नव्हता. मिनिटांचं कुणाला काय काम होतं?"

मी मान हलवली आणि मनात ठरवून टाकलं, थापा. भूगोलाच्या बाईला शेंडी लावायला निघाली आहे. एका काट्याचं घड्याळ! उद्या म्हणेल, नदी वरच्या अंगाला वाहते.

आमच्या वसाहतीवर तर त्यांचा रागच होता. वसाहतीचं नाव ओल्ड मिल क्रॉसिंग. "ओल्ड काय आहे हो यात? मिल कुठे आहे? आणि क्रॉसिंग कशाचं?" फाटकाशी एक छोटासा दगडी पूल होता, शोभेचा. खाली नुसती हिरवळ. कुसुमताई रोज त्याच्या मधोमध थांबायच्या, कठड्यावरून वाकून खाली बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून आलेली नाही."

"कोण?"

"नदी."

एकदा मीही त्यांच्याबरोबर वाकले. तर दहा मिनिटांत पोलिसांची गाडी. कुणीतरी फोन केला होता की परक्या कपड्यांतल्या दोन बायका पुलाखाली काहीतरी बघत आहेत. ते दिवसच तसे होते. आपण लोकांकडे संशयानं बघायचं आणि लोकांनी आपल्याकडे, असा दुहेरी रस्ता. मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल, तर पासपोर्ट मिलिंदच्या कपाटात आहे. कुसुमताईंनी मात्र त्या कोवळ्या पोलिसाला तिथेच उभं करून घेतलं. ऑल्डरविकचा पूल किती अरुंद आहे आणि बैलगाडी आली की चालणाऱ्यांनी अंग चोरून उभं राहायला कठड्यात कोनाडे कसे केले आहेत, ते त्याला उलटं चालत चालत दाखवलं. शेवटी तो टोपी काढून "थँक यू, मॅम" म्हणून गेला. मी मनाशी म्हटलं, जिला पोलीस घाबरवू शकत नाही ती बाई साधी नव्हे.

आणि मग ती काठी.

वसाहतीच्या कडेकडेनं, कोपऱ्याकोपऱ्यावर, शोभेचे मोठे धोंडे ठेवले होते. त्यातला एक आमच्या घराच्या टोकाला, कारण आमचं घर अगदी शेवटचं. ऑक्टोबरातली सकाळ. मी खिडकीत. कुसुमताई एकट्याच आल्या. हातात तळ्याकाठच्या झाडाची एक फांदी, साल सोलून पांढरीफटक केलेली. धोंड्यापाशी थांबल्या. फांदीनं त्याला सपासप मारलं. मग काहीतरी पुटपुटल्या आणि पुढच्या धोंड्याकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी केराची पिशवी टाकायच्या मिषानं झुडपाआड जाऊन उभी राहिले. काठी बसली आणि शब्द आला, "गॅलोज."

इंग्लिश माझं बोलायचं नसलं तरी वाचायचं चांगलं. गॅलोज म्हणजे फाशीचा खांब. आणि तो माझ्या मुलाच्या कोपऱ्यावर!

आता तेव्हाच्या माझ्या डोक्यातलं गणित बघा. मिलिंदची ग्रीन कार्डाची फाइल अडकलेली. त्याच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज. माझा गुडघा सुजलेला. आणि शिवेवरच्या दगडाला सोललेली फांदी मारून फाशीचं नाव घेणारी एक बाई. आपल्याकडे शिवेवरचे असले प्रकार कशासाठी करतात ते काय मला ठाऊक नव्हतं? निबंध तपासून तपासून सगळ्या जातीचे प्रकार मला पाठ झाले होते.

त्या संध्याकाळी मिलिंद आल्याबरोबर मी त्याला दारातच उभा केला. मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. ठसका उठायच्या आत छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. मिलिंद खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, सून दारं उघडतेय, बाहेर शेजारचा गोरा म्हातारा हातात बागेचा पाइप घेऊन हजर.

"आई, हे काय आहे यार?" मिलिंद खोकत म्हणाला.

"किती धूर झाला बघितलास? इतकी दृष्ट होती!"

"तो मिरचीचा धूर आहे, आई!"

दुसऱ्या दिवशी मी कुसुमताईंच्या सुनेकडे गेले. मेधा, पुण्याची, कामसू मुलगी. तिचा वर्क फ्रॉम होमचा दिवस होता. काठी, धोंडा, पुटपुटणं, गॅलोज, सगळं मी हात नाचवून सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, नाहीतर हसेल. तिनं कप खाली ठेवला.

"रोज मारतात, काकू?"

"रोज."

"आणि स्वतःशी बोलतात?"

"अगदी नावं घेऊन."

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "पुलावर उभं राहून नदी यायची आहे म्हणतात, ते आम्हाला माहीत होतं. हे नव्हतं. माझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं. मग एक दिवस ती घर विसरली."

मी करणी सांगायला गेले होते आणि सांगून आले वेड. त्या दिवसापासून कुसुमताईंचं एकटीनं बाहेर पडणं बंद. अजयनं डॉक्टरची वेळ घेतली. आणि मेधाकडून असंही कानावर आलं की ते दोघं वृद्धांसाठीची एक जागा बघून आले आहेत, विसरभोळ्या लोकांची. तिथलं दार बाहेरून आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही.

चार दिवस मी खिडकीत बसलेच नाही. पाचव्या दिवशी शिरा करून घेऊन गेले. कुसुमताई खुर्चीत विणत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंदच झाला. हे मला फारच संशयास्पद वाटलं.

"तुम्ही दगडांना का मारत होता?" मी सरळ विचारलं.

"शीव पक्की करत होते."

ऑल्डरविकला, नकाशे नव्हते तेव्हापासून, वर्षातून एक दिवस सगळं गाव शिवेवरून चालत जातं. हातात सोललेल्या फांद्या. शिवेच्या प्रत्येक दगडाला मारायचं आणि त्या जागेचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मेंढ्या धुवायचा डोह, जुना टोलनाका, फाशीचा माळ. पूर्वी पोरांना उचलून त्या दगडांवर आपटायचे, म्हणजे शीव कुठे आहे ते जन्मभर लक्षात राहावं. डॉक्टरांच्या बरोबर कुसुमताई दर वर्षी जायच्या, साडीवर तेच रबरी बूट घालून.

"इथे मी मनात आमचं गाव अंथरलं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं घर फाशीच्या माळावर येतं, त्याला माझा नाइलाज आहे. पण तिथून देखावा फार सुंदर."

मग सुया खाली ठेवून त्यांनी मला त्यांच्या मनातलं सांगितलं. गावात नदीकाठी बारा खोल्यांची एक बैठी चाळ आहे. लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या विधवेनं गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली. प्रत्येक खोलीला चूल, खिडकीत बाक, मागे भाजीचा वाफा. कुसुमताईंनी नाव घालून ठेवलं होतं आणि एक खोली आता रिकामी झाली होती. गावाहून फोन आला होता, नाताळच्या आत या, नाहीतर पुढच्या माणसाला देऊ.

"मग?"

"अजय म्हणतो, मुलगा असताना आई धर्मशाळेत राहते म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि वर म्हणतो, ह्या वयात एकटी राहण्याइतकं तुझं डोकं शाबूत आहे याची काय खात्री?" त्यांनी शिऱ्याचा घास घेतला. "वेलदोडा जास्त झालाय."

बाईला जायचं होतं नदीकाठच्या खोलीत, आणि मी तिला पाठवत होते आकड्यांच्या कुलपामागे.

डॉक्टरकडे मेधा मलाही घेऊन गेली, कारण काठी मारताना प्रत्यक्ष बघणारी मी एकटीच. डॉक्टर एक तरुण अमेरिकन बाई. तिनं आज वार कोणता, महिना कोणता, राष्ट्राध्यक्ष कोण, ते विचारलं. कुसुमताईंनी उत्तरं दिली, राष्ट्राध्यक्षांबद्दल त्यांचं मतही दिलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते त्यांनी सरळ म्हटले आणि मग न विचारता उलटेही म्हटले. मग डॉक्टरनं कोरा कागद पुढे केला. एक घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

कुसुमताईंनी गोल काढला. रोमन आकडे घातले. प्रत्येक दोन आकड्यांच्या मध्ये बारीक रेघा मारल्या. मग अकराच्या जरासा पुढे एक काटा काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

एकच काटा.

मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. अजय जमिनीकडे बघत राहिला. डॉक्टरनं काहीतरी लिहायला घेतलं, आणि मी उभी राहिले. जन्मभर इंग्लिशमध्ये मी वर्गाला फक्त "सिट डाउन" आणि "सायलेन्स" म्हटलेलं.

"डॉक्टर, देअर क्लॉक, वन हँड ओन्ली! चर्च क्लॉक! इन हर व्हिलेज!"

डॉक्टरनं मान वर केली. "यू हॅव सीन इट?"

"येस," मी म्हटलं. "व्हेरी बिग."

ज्या घड्याळाला मी महिनाभर थाप समजत होते, त्याची मी तिथे शपथेवर साक्ष दिली. अजयनं माझ्याकडे चमकून बघितलं. त्याला मी साताऱ्याबाहेर किती हिंडले आहे ते चांगलं ठाऊक होतं. पण तोही त्याच गावचा. हळूच म्हणाला, "इट्स ट्रू. आय ग्रू अप अंडर दॅट क्लॉक."

डॉक्टरनं कागद कुसुमताईंपुढे सरकवला. त्यांनी त्या बारीक रेघांवर बोट ठेवून सांगितलं, ह्या पावतासाच्या रेघा, काटा पहिल्या रेघेच्या जरा अलीकडे आहे म्हणजे अकरा-दहा, आमच्या गावात शेंबडं पोरही वाचतं. मग म्हणाल्या, "तुम्हाला दोन काटे लागत असतील तर दुसराही काढते." आणि काढला, अगदी बरोबर दोनच्या आकड्यावर.

डॉक्टर मोठ्यानं हसली. आणखी बरंच काही विचारून झाल्यावर ती म्हणाली, काळजीचं काहीही कारण नाही, आईंची बुद्धी एकदम तल्लख आहे.

तेव्हा कुसुमताईंनी पदर सारखा केला आणि इंग्लिशमध्ये, एकेक शब्द सुटा करून, विचारलं, "म्हणजे मी एकटी राहू शकते का?"

"आय डोन्ट सी व्हाय नॉट."

"अजय, ऐकलंस ना?" कुसुमताई मुलाकडे वळल्या. ज्याचं इंग्लिश तिथल्या सगळ्यांत चांगलं, त्याला त्यांनी ते पुन्हा मराठीतून समजावलं. "डॉक्टर म्हणतात, एकटी राहायला काही हरकत नाही."

आम्ही गाडीतून परत निघालो. सिग्नलला अजय म्हणाला, "आई, पण लोक..."

"लोकांना डॉक्टरांचा फोन नंबर दे."

त्या इतक्या शांतपणे बोलल्या की मला पुन्हा कसंसंच झालं. महिनाभर कोंडून ठेवलेली बाई अशी बोलते? घाबरलेली नाही, रागावलेली नाही. बाजारातून हवी ती भाजी हव्या त्या भावात घेऊन आल्यासारखी. पण एकदा तोंड पोळलेलं होतं, म्हणून हा संशय मी गिळला.

नोव्हेंबर संपता संपता त्या निघाल्या. झाडं सगळी ओकीबोकी झाली होती. एक सूटकेस, तो हिरवा कोट, आणि मेधानं डबा भरून दिलेले डिंकाचे लाडू. मेधा बिचारी रडत होती. "मला खरंच वाटलं होतं काकू, त्या कुठेतरी हरवतील." अजय उगाचच गाडीचे आरसे पुसत होता. मला वाटलं, निरोपाच्या आधी आपण मोकळं व्हावं. मी गाडीपाशी गेले. कुसुमताईंनी काच खाली केली आणि मला खूण करून जवळ वाकायला लावलं.

"कुसुमताई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी मेधाकडे जाऊन जे काही बोलले, त्याबद्दल..."

त्यांनी माझा हात थोपटला. आणि मुलगा-सून ऐकू जाणार नाही इतकी मागे उभी आहेत याची खात्री करून घेऊन, अगदी हळू आवाजात म्हणाल्या:

"अहो शालिनीबाई, माफी कसली मागता? बघेल आणि लगेच जाऊन सुनेला सांगेल अशा बाईची मी दोन वर्षं वाट बघत होते. तुमच्या आधी तुमच्याच गल्लीत पुण्याच्या दोघीजणी येऊन राहून गेल्या, त्यांच्या दारातही रोज काठ्या मारून बघितल्या. पण काय करणार, फार सज्जन निघाल्या हो त्या."